टोकियो-सोलच्या नाइटक्लबमध्ये जाताय? या चुका टाळा

नोकरी-शिक्षणासाठी टोकियो किंवा सोलमध्ये राहणाऱ्यांची क्लबमधली रात्र नाचताना क्वचितच बिघडते. ती बिघडते दारात, रस्त्यावर भेटलेल्या गोडबोल्या दलालामुळे, बिल हातात आल्यावर आणि सगळ्यात जास्त वेळा शेवटची गाडी सुटल्यावर. मुंबई-पुण्यात दीडच्या सुमाराला पब दिवे लावतात आणि बाहेर कॅब मिळते. टोकियो-सोलमध्ये क्लब पहाटे पाचपर्यंत चालतात, पण मध्यरात्रीनंतरचे चार-पाच तास घरी परतायला स्वस्त साधन फारसं नसतं. बहुतेक चुकांचं मूळ या एका फरकात आहे.

ओळखपत्राचा फोटो घेऊन जाणं

मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो, आधार, कॉलेजचं कार्ड, यातलं काहीही दारात चालत नाही. मूळ कागदच लागतो. जपानमध्ये एप्रिल २०२२ पासून १८ व्या वर्षी माणूस सज्ञान होतो, पण दारूसाठी वय २० च राहिलं आहे. त्यामुळे १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने 'मी पिणार नाही' असं कितीही सांगितलं तरी रात्रीचे क्लब त्याला आत घेत नाहीत. कोरियात हिशोब वेगळा आहे: ज्या वर्षी १९ पूर्ण होणार, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून परवानगी.

जपानमध्ये राहणाऱ्यांनी झाइर्यू कार्ड, म्हणजे रहिवासी कार्ड, सोबत ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. हे कार्ड असलं की पासपोर्ट बाळगावा लागत नाही, तेव्हा तो घरीच ठेवा. कार्ड जीन्सच्या मागच्या खिशात ठेवू नका. चेन असलेल्या आतल्या खिशात ठेवा. हरवलंच तर आधी जवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलिस चौकीत, हरवल्याची नोंद करा, नोंदीचा क्रमांक घ्या आणि कळल्यापासून १४ दिवसांत इमिग्रेशन कार्यालयात नव्या कार्डासाठी अर्ज करा. कोरियातलं रहिवासी कार्ड हरवलं तरी मुदत १४ दिवसांचीच आहे.

सात-आठ मुलांनी एकदम रांगेत उभं राहणं

ऑफिसची टोळी निघते, सगळे पुरुष, पायात फ्लोटर्स, वाटेत दोन-दोन बिअर झालेल्या. असा घोळका दारातूनच परत जातो, मग तो कुठल्याही देशाचा असो. उपाय साधे आहेत. दोघा-तिघांच्या गटांत जा. बंद बूट आणि पूर्ण पँट घाला. क्लबच्या संकेतस्थळावर गेस्ट लिस्ट असेल तर दुपारीच नाव नोंदवा. सवलतीची वेळ बहुधा रात्री अकरा-बाराला संपते, ती पाहून ठेवा. टोकियोत प्रवेशासाठी एका पेयासकट साधारण २,००० ते ४,००० येन लागतात, सोलच्या होंगदे भागात १०,००० ते २०,००० वॉनच्या आसपास. बायकांना कमी दर किंवा मोफत प्रवेश ही इथली रीत आहे, त्यावर दारात वाद घालून काही साधत नाही. बाहेर पडून पुन्हा आत येता येतं का, हे शिक्का मारून घेतानाच विचारा. पुष्कळ ठिकाणी येता येत नाही.

दारातला नकार कधीकधी कपड्यांसाठी नसतो, रंगासाठी किंवा पासपोर्टसाठी असतो, हेही स्पष्ट सांगायला हवं. जून २०१७ मध्ये सोलच्या इतेवॉन भागातल्या एका बारने एका भारतीय विद्यार्थ्याला देशाचं नाव घेऊन अडवल्याचं प्रकरण कोरियन माध्यमांत गाजलं होतं. दोन्ही देशांत अशा भेदभावाविरुद्ध सर्वसमावेशक कायदा नाही, त्यामुळे रात्री एक वाजता बाउन्सरशी भांडून हाती काही लागत नाही. आवाज चढला आणि पोलिस आले तर कागद तुमचे तपासले जातात. जिथे मुख्य आकर्षण संगीत आहे, परदेशी डीजे नेमाने येतात, तिथे हा त्रास कमी होतो. टोकियोत शिबुयाच्या मारुयामाचोमधला, २००० पासून चालू असलेला 'वूम्ब' हे त्याचं ठळक उदाहरण. सोलच्या गंगनममधल्या टेबल-बाटलीवर चालणाऱ्या क्लबांत हा त्रास जास्त. तिथे 'एमडी' नावाचा मध्यस्थ टेबल विकतो आणि त्यावर कमिशन घेतो. त्याच्याशी बोलताना बाटल्या किती, माणसं किती आणि एकूण रक्कम किती हे चॅटमध्ये लिहून घ्या.

जुन्या याद्यांवरही विसंबू नका. टोकियोतल्या शिन-किबाचा प्रचंड 'आगेहा' क्लब जानेवारी २०२२ मध्ये बंद झाला, तरी त्याची शिफारस अजून वाचायला मिळते. निघण्याआधी क्लबच्या इन्स्टाग्रामवर त्या रात्रीचं पोस्टर आहे का ते पाहा.

'क्लब' पाटी दिसली म्हणून आत शिरणं

टोकियोच्या गिन्झातला 'क्लब' बहुतेक वेळा होस्टेस क्लब असतो. 'क्याबाकुरा', 'गर्ल्स बार', 'स्नॅक' या सगळ्या गप्पांसाठी पैसे आकारणाऱ्या जागा आहेत; नाचायला तिथे कोणी जात नाही. तिथे 'सेट' म्हणजे ४० किंवा ६० मिनिटांचा दर. वेळ संपली की एन्चो, म्हणजे वाढीव वेळेचा आकार आपोआप सुरू होतो. शिवाय समोर बसलेल्या मुलीचं पेय तुमच्या बिलात लागतं आणि एकूण रकमेवर २०-३० टक्के सेवाशुल्क व कर. ही लूट नाही, धंद्याची पद्धतच अशी आहे. पण माहीत नसेल तर ३,००० येनची पाटी पाहून बसलेला माणूस २५,००० भरून उठतो. सोलमध्ये 'क्लब' आणि 'नाइट' वेगळे: 'नाइट'मध्ये वेटर बायकांना हाताला धरून पुरुषांच्या टेबलावर आणून बसवतात, त्याला 'बुकिंग' म्हणतात. सोबत मैत्रिणी असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं.

दलालाच्या मागे जाणं

सगळ्यात महाग चूक ही. टोकियोच्या काबुकिचो भागात भोंग्यांवरून रात्रभर सूचना चालू असते की रस्त्यावर बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, आणि त्याच भोंग्याखाली लोक त्यांच्या मागे जात असतात. ठरलेल्या युक्त्या अशा:

- 'तुम्ही शोधताय ती जागा भरली, आमची दुसरी शाखा इथेच आहे.' शाखा नसतेच.
- 'एक तास, हवं तेवढं प्या, ३,००० येन.' आत टेबलचा आकार, शनिवार-रविवारचा आकार, सेवेचा आकार असे थर चढतात.
- डेटिंग अॅपवर ओळख झालेली व्यक्ती पहिल्याच भेटीत 'माझ्या ओळखीचा बार' सुचवते. जागा तुम्ही निवडा; ती नाकारली तर तिथूनच परत फिरा.

टोकियोच्या रोप्पोंगी आणि काबुकिचोत पेयात गुंगीचं औषध घालून कार्डावरून मोठ्या रकमा काढल्या जातात, असा इशारा टोकियोतल्या अमेरिकी दूतावासाने दिलेला आहे. म्हणून क्लबला जाताना एकच कार्ड न्या, त्याची मर्यादा अॅपमधून कमी करून ठेवा आणि २०,००० येनच्या आत रोकड ठेवा.

अवाच्या सवा बिल आलंच तर? कार्ड हातातून सोडू नका आणि पिन टाकू नका. तपशीलवार बिल मागा आणि दरपत्रकाचा फोटो काढा. दर दाखवणं टोकियोच्या नियमांनुसार अशा दुकानांना बंधनकारक आहे. 'पाटीवरची रक्कम देतो, बाकीचं कोबानमध्ये बोलू' हे शांतपणे सांगा. बाहेर जाऊ देत नसतील, धमकी देत असतील तर पोलिसांच्या ११० ला फोन करा. पोलिस बऱ्याचदा हा आपसातला पैशाचा वाद ठरवून रक्कम ठरवायला नकार देतात. तरीही चौकीसमोर उभं राहिलं की दुकानदाराचा सूर उतरतो. एकदा सही केली, पिन टाकला की वाद कठीण होतो. तरीही पावती जपा आणि त्याच रात्री कार्ड कंपनीच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

शेवटच्या गाडीचा अंदाज बांधणं

टोकियोत शेवटच्या गाड्या मध्यरात्र ते साडेबारा-एकच्या दरम्यान सुटतात आणि पहिल्या साडेचार-पाचला. मार्च २०२१ मध्ये जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने शेवटच्या गाड्या साधारण अर्धा तास अलीकडे आणल्या. जुन्या सवयीवर चालणारे तेव्हापासून अडकतात. शहराभोवती गोल फिरणाऱ्या यामानोते मार्गावरच्या शेवटच्या काही गाड्या पूर्ण फेरी मारत नाहीत, ओसाकी, शिनागावा किंवा इकेबुकुरोला थांबतात. गाडी बदलायची असेल तर खरी अडचण दुसऱ्या गाडीची असते. निशी-कासाईत राहणारी भारतीय मंडळी शिबुयाहून निघतात, पहिली गाडी मिळतेही, पण पुढे तोझाई मार्गाची शेवटची गाडी निघून गेलेली असते. जपानी प्रवास-अॅपमध्ये 'शूदेन', म्हणजे शेवटची गाडी, असं बटण असतं. ते दाबून थेट घरच्या स्टेशनपर्यंतची वेळ काढा आणि त्याच्या ४० मिनिटं आधीचा गजर लावा. लॉकरची रांग आणि शिबुया स्टेशनातली पायपीट त्यातच जाते.

टॅक्सीने तोच प्रवास २०२२ च्या दराने आठ हजार येनच्या आसपास जातो, कारण रात्री दहा ते पहाटे पाच २० टक्के जादा आकार असतो. चौघांत वाटला तर परवडतो, एकट्याला नाही. त्यापेक्षा दोनच पर्याय धरा: साडेअकराला निघायचं, नाहीतर पहिल्या गाडीपर्यंत थांबायचं. दीड वाजता 'आता कंटाळा आला' ही सगळ्यात वाईट वेळ. तशी वेळ आलीच तर कराओकेची खोली किंवा मांगा कॅफेचं रात्रीचं पॅकेज घ्या. स्टेशनच्या पायऱ्यांवर झोपू नका. झिंगलेल्याला सावरण्याच्या बहाण्याने पाकीट मारणारे चोर इथे इतके रुळलेले आहेत की त्यांच्यासाठी जपानीत वेगळं नाव आहे.

भाड्याची सायकल किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन जाणं हा शॉर्टकट तर मुळीच नको. १ नोव्हेंबर २०२४ पासून जपानमध्ये दारू पिऊन सायकल चालवली तरी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

सोलमध्ये मेट्रो मध्यरात्रीच्या सुमाराला थांबते, पण रात्रीच्या 'घुबड' बस आहेत. त्यांचे क्रमांक इंग्रजी 'एन'ने सुरू होतात, भाडं २,५०० वॉन, आणि साधारण अर्ध्या तासाने एक येते. टॅक्सीचं किमान भाडं ४,८०० वॉन. रात्री अकरा ते दोन ४० टक्के जादा, त्याआधीचा आणि नंतरचा एकेक टप्पा, म्हणजे दहा ते अकरा आणि दोन ते चार, २० टक्के. म्हणून दोनला दहा मिनिटं कमी असताना टॅक्सीसाठी धडपडू नका, दोननंतर बसा. टॅक्सी बोलावण्याचं काकाओ टी अॅप आणि त्यातलं कार्ड आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशीच चालवून पाहा. पायी रस्ता शोधायला नेव्हर मॅप वापरा; गूगल मॅप इथे कच्चा पडतो.

दारूचा हिशोब ग्लासांत करणं

रात्री अकराला दुकानातून चू-हाय, म्हणजे फळांच्या चवीच्या दारूचा डबा, घेऊन 'स्वस्तात सुरुवात' करायची पद्धत आहे. ५०० मिलीच्या ९ टक्के डब्यात सुमारे ३६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ३५० मिलीच्या ५ टक्के बिअरमध्ये १४. म्हणजे सरबतासारखा लागणारा एक डबा अडीच बिअरच्या बरोबरीचा. सोजू या कोरियन दारूची ३६० मिलीची १६ टक्के बाटली तीन बिअरच्याही पुढे जाते. शाकाहारी माणूस बहुधा रिकाम्या पोटी येतो, कारण रात्री आसपास काही मिळत नाही; तेव्हा घरी भात-आमटी जेवूनच निघा. शिबुया स्टेशनच्या परिसरात ऑक्टोबर २०२४ पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर दारू पिण्याला बंदी आहे, म्हणजे डबा हातात घेऊन हिंडायचंही नाही.

ग्लास टेबलावर सोडून नाचायला गेलात, तर परत आल्यावर नवा घ्या. दोन पेयांतच जीभ जड झाली, आठवण तुटायला लागली तर ती दारू नव्हे असं समजून सोबत्याला ताबडतोब सांगा. जीएचबीसारखं गुंगीचं औषध लघवीत साधारण १२ तासच सापडतं, म्हणून 'सकाळी झोप झाल्यावर बघू' म्हटलं की पुरावा जातो. जपानमध्ये लैंगिक अत्याचारासंबंधी मदतीचा क्रमांक #८८९१, कोरियात महिलांसाठी १३६६. रुग्णवाहिका दोन्हीकडे ११९. पोलिस जपानमध्ये ११०, कोरियात ११२. बेशुद्ध पडलेल्या मित्राला कुशीवर वळवा, पाठीवर झोपवून निघून जाऊ नका.

व्हिसा विसरणं

मित्राच्या पार्टीत पैसे घेऊन डीजे म्हणून वाजवणं, क्लबची पत्रकं वाटणं, बारमागे उभं राहणं हे सगळं काम धरलं जातं. जपानमध्ये विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तासांची परवानगी मिळते, पण रात्रीचे परवानाधारक डान्स क्लब त्यातून वगळलेले आहेत, अगदी तिथे भांडी घासायचीही नाहीत. अभियंत्याच्या व्हिसावर मानधन घ्यायचं तर आधी इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढा.

गांजाबाबत तर दुसरी संधीच नाही. जपानमध्ये १२ डिसेंबर २०२४ पासून तो जवळ बाळगण्याबरोबरच त्याचं सेवनही गुन्हा आहे, आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा स्थगित झाली तरी परदेशी माणसाची हकालपट्टी होऊ शकते. बँकॉकच्या सहलीतून आणलेल्या गांजाच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्याही यात येतात. अनोळखी माणसाने पुढे केलेली सिगारेट किंवा 'हे जरा खिशात ठेव' म्हणून दिलेलं पाकीट घेऊ नका.

गर्दीत आणि डान्स फ्लोअरवर

टोकियोच्या टेक्नो क्लबांत लोक डीजेकडे तोंड करून नाचतात, बोलायला बारपाशी जातात. फ्लोअरवर फोटो काढायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. दारात कॅमेऱ्यावर चिकटवलेला स्टिकर काढला तर बाहेर काढतात. सामान लॉकरमध्ये टाका आणि त्यासाठी १०० येनची नाणी जवळ ठेवा.

हॅलोविनच्या आठवड्यात इतेवॉन-होंगदेच्या गल्ल्या टाळा. २९ ऑक्टोबर २०२२ च्या इतेवॉनमधल्या चेंगराचेंगरीत दीडशेहून जास्त माणसं दगावली, ती जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत. गर्दीत दोन्ही बाजूंनी खांदे लागायला लागले, स्वतःच्या मर्जीने पाऊल टाकता येईना, की बाजूच्या दुकानात शिरा किंवा तिरकं चालत कडेला या. अडकलातच तर दोन्ही हात मुठी करून छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. पाठीवरची सॅक पुढे घ्या आणि खाली पडलेलं काही उचलायला वाकू नका.