दर वेळी ‘विल’ कशाला? इंग्रजी भविष्यकाळातल्या या चुका टाळा

इंग्रजीतला भविष्यकाळ म्हणजे ‘विल’, हे शाळेत एकदा डोक्यात बसलं की निघता निघत नाही. पुण्यात मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते, तिथे सगळ्यात जास्त वेळ या ‘विल’पायी जातो.

हिंजवडीत नोकरी करणारी माझी एक विद्यार्थिनी. बहिणीच्या साखरपुड्यासाठी रजा मंजूर, एसटीचं आरक्षणही झालेलं. शुक्रवारी साहेबांनी सोमवारचं विचारलं, तर म्हणाली, ‘आय विल गो टू सातारा.’ साहेब चमकले, ‘म्हणजे आत्ता ठरवलंस?’ व्याकरण चुकलं नव्हतं. पण बेत उभ्या उभ्या ठरवल्यासारखा वाटला. ‘आय अ‍ॅम गोइंग टू सातारा ऑन मंडे’ म्हटलं असतं, तर सगळं आधीच ठरलंय हे कळलं असतं.

मराठीत ती ‘सोमवारी साताऱ्याला जाईन’ म्हणाली असती का? मुळीच नाही. ‘जातेय’ म्हणाली असती. ‘जाईन’मध्ये अजून ‘बघू’ शिल्लक असतं. हा फरक आपल्या कानाला पक्का ठाऊक आहे, म्हणून आधी कानाला विचारा. मनाशी ठरवलंय, ‘पोहायला शिकणार आहे’: तिथे ‘गोइंग टू लर्न’. सिंहगडाकडे आभाळ काळंभोर झालंय, ‘आता पडणार’: तिथेही ‘इट इज गोइंग टू रेन’, कारण खूण डोळ्यांसमोर आहे. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ला ‘सुटते’, वेळापत्रकाला इंग्रजीतही साधा वर्तमानकाळ, ‘लीव्हज’.

कान फसतो तो एका ठिकाणी. बेल वाजते आणि आपण म्हणतो, ‘थांब, मी उघडते.’ म्हणून मुलं ‘आय ओपन’ म्हणतात. हा निर्णय त्या क्षणीचा, इथे मात्र ‘आय विल ओपन इट’च हवं.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम.’ ‘तो येईल तेव्हा सांगेन’ याचं हे शब्दशः इंग्रजी. त्याऐवजी मनात ‘तो आला की सांगेन’ म्हणा. ‘आला’मध्ये भविष्यकाळ नाही, तसा इंग्रजीतही तिथे ठेवायचा नाही: ‘व्हेन ही कम्स’. ‘अनटिल’ आणि ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांनाही हेच लागू. पण ‘तो कधी येईल माहीत नाही’ यातला ‘व्हेन’ वेगळा, तो प्रश्नाचा. तिथे ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ अगदी बरोबर. ‘जेव्हा’ असेल तर ‘विल’ काढा, ‘कधी’ असेल तर राहू द्या.