लिव्हर पाठ करू नका, रक्ताच्या मागे चला

खानदेशातून एमबीबीएसला आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी हे लिहितोय. यकृताची कार्ये आपण शाळेत ओळीने पाठ केलेली असतात. इथेही तीच यादी लांबवून घोकली की व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिल्याच 'का?'ला गाडी अडते. मी धुळ्याला शिकलो, आता ज्युनियरना शिकवतो, आणि दरवर्षी एकच सांगतो: आत येणाऱ्या रक्ताचा माग काढा.

दुपारी भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं असं धरा. भाकरीतल्या पिठाचं ग्लुकोज झालं, आतड्यातून रक्तात उतरलं आणि पोर्टल व्हेनने लिव्हरकडे निघालं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के या शिरेतून येतं, उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून, म्हणजे लिव्हरच्या धमनीतून. ऑक्सिजन मात्र दोघींकडून जवळपास निम्मा-निम्मा. दोन्ही रक्तं सायनुसॉइडमध्ये, म्हणजे लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांत, मिसळतात. तिथे भिंतीला चिकटलेल्या कुफर पेशी आतड्यातून आलेले जंतू गिळतात. शेजारच्या हिपॅटोसाइट, म्हणजे लिव्हरच्या मुख्य पेशी, ग्लुकोजचा ग्लायकोजेन करून साठवतात, अमोनियाचा युरिया करतात, अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे घटक बनवतात. मग रक्त पेशींच्या प्रत्येक गटाच्या मधोमध असलेल्या सेंट्रल व्हेनकडे जातं आणि पित्त बरोबर उलट दिशेने, गटाच्या कडेला असलेल्या पोर्टल ट्रायडकडे (पोर्टल व्हेन, हिपॅटिक आर्टरी आणि पित्तनलिका यांच्या फांद्यांचं त्रिकूट). हे दोन बाण स्वतःच्या हाताने काढा. सेंट्रल व्हेनजवळच्या पेशींना ऑक्सिजन सगळ्यात कमी मिळतो आणि औषधांवर काम करणारी एन्झाइम तिथेच जास्त, म्हणून पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसमध्ये आधी त्याच मरतात. ही ओळ वेगळी पाठ करावी लागत नाही.

शेवभाजीवरची तर्री मात्र या वाटेने जात नाही. तेलातली बहुतेक चरबी लिम्फमधून, थोरॅसिक डक्ट या छातीतल्या मोठ्या लिम्फवाहिनीने थेट मोठ्या रक्ताभिसरणात शिरते. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न.

डिसेक्शन हॉलमध्ये लिव्हर हातात आलं की आधी ग्लोव्हज घालून स्वतःच्या उजव्या बरगड्यांसमोर धरा: फुगीर बाजू वर, धारदार कड पुढे. दीड किलोच्या आसपास वजन मनगटाला जाणवतं. मग खालची बाजू पाहा. फॉर्मलिनने कडक झाल्यामुळे उजव्या किडनीचा, कोलनचा, जठराचा ठसा त्यावर तसाच राहिलेला असतो, बोट फिरवलं तर खोलगटपणा लागतो. पुस्तकातल्या चित्रापेक्षा हे दहा मिनिटं पाहणं कितीतरी मोलाचं आहे.

लोबबद्दल एवढंच: फाल्सिफॉर्म लिगामेंटने (लिव्हरला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याने) पाडलेले डावे-उजवे भाग सर्जनच्या कामाचे नाहीत. खरी वाटणी पित्ताशयाच्या खाचेपासून आयव्हीसीपर्यंतच्या (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंतच्या) रेषेवर होते, आणि फ्रेंच सर्जन कुइनोने १९५७ मध्ये मांडलेले ८ सेगमेंटही रक्तवाहिन्यांवरच उभे आहेत.

वॉर्डात गेल्यावर याचा खरा उपयोग कळतो. आपल्याकडे कावीळ झाली की माणूस आधी उतरवायला जातो, मग दवाखान्यात. त्याला रागावू नका. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून त्या उताऱ्यावर विश्वास बसलेला असतो. पेशंट 'पोटमा दुखस' म्हणाला तर अहिराणीतच पुढे विचारा, आणि लाज न बाळगता संडासचा रंग विचारा. पित्ताची वाट बंद असेल तर संडास पांढुरकी आणि लघवी गडद होते. रक्तपेशी फुटल्यामुळे झालेल्या काविळीत संडासला रंग असतो, आणि वाढलेलं बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं रंगद्रव्य) पाण्यात न विरघळणारं असल्यामुळे लघवीत उतरत नाही.

नंदुरबारकडच्या आदिवासी भागातून सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन लवकर फुटणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट येतात. त्यांचे डोळे पिवळे असणं नवं नसतं, त्यामुळे 'सिकलसेलची कावीळ' म्हणून पुढे जायचा मोह होतो. पण सतत पेशी फुटत राहिल्याने त्यांच्यात पित्ताचे खडे होतात. अशा पेशंटची संडास पांढरी झाली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर खडा पित्तनलिकेत अडकला असेल; सिनियरला सांगा आणि त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या.