फोनिओची पेज: आधी रोळा, मग शिजवा

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल, माली, गिनी या भागांत हजारो वर्षं पिकणारं फोनिओ हे धान्य रव्याएवढं बारीक असतं. त्याची पेज बिघडते ती शिजवताना नव्हे, धुताना. पारंपरिक पद्धतीत मळणी जमिनीवर होते, त्यामुळे दाण्यात वाळू येते आणि दाणा इतका लहान की ती निवडून काढणं अशक्यच. तिथल्या बायका जे करतात तेच करावं: भरपूर पाण्यात फोनिओ ढवळायचं आणि ढवळल्याने वर आलेले दाणे पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात हलकेच ओतायचे. वाळू तळाशी बसते. आपल्याकडे तांदूळ रोळतात, अगदी तसंच. तळाला कण दिसेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा, इथे घाई नको. पाकिटावर धुतलेलं असं लिहिलं असेल तरी एकदा रोळून घ्याच.

पुढचं काम पाच-सात मिनिटांचं. एक वाटी फोनिओला चार वाट्या उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, मंद आच, सतत ढवळणं. गॅस बंद करून पाच मिनिटं झाका, कारण दाणा नंतरही फुगतो. मग दूध, साखर किंवा शेंगदाण्याचं कूट घाला. मला कुटाचीच जास्त आवडते.