‘लिनन’ म्हणताना या चुका टाळा

लिनन म्हणजे जवसाच्या खोडातून काढलेल्या धाग्याचं कापड. जवस म्हणून आपण जे बी खातो, तेही याच जातीच्या झाडाचं. एवढं पक्कं असलं की निम्मे घोटाळे होतच नाहीत.

सगळ्यात जास्त फसवतं ते ‘बेड लिनन’. पूर्वी युरोपात चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ, अंगातले कपडे बहुतेक जवसाच्या धाग्याचेच असत. पुढे सुती कापड स्वस्त झालं आणि लिननची जागा त्यानं घेतली. नाव मात्र चिकटून राहिलं. म्हणून ‘बेड लिनन’ म्हणजे नुसतेच चादरी-अभ्रे. ते सुती असतील, पॉलिस्टरचेही असतील. ऑनलाइन घेताना मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि मटेरियलचा रकाना वाचा. तिथे ‘१०० टक्के लिनन’ किंवा ‘फ्लॅक्स’ (म्हणजे जवसाचा धागा) लिहिलेलं हवं. ‘लिनन लुक’, ‘लिनन फिनिश’ हे फक्त दिसण्याबद्दल झालं. लिनन फिनिशचा तर कागदसुद्धा मिळतो!

धागा जाळून पाहण्यावरही फार विसंबू नका. पॉलिस्टर वितळतं, त्याची कडक गुठळी होते, त्यामुळे ते पकडता येतं. सूत आणि लिनन मात्र दोन्ही सेल्युलोजचे, म्हणजे कागद ज्याचा बनतो त्याच वनस्पतीतल्या पदार्थाचे. दोघांनाही कागद जळल्यासारखाच वास येतो.

आता व्युत्पत्ती. ‘लाइन’वरून ‘लिनन’ आला, असं कोणी ठासून सांगितलं तर मान डोलावू नका. मूळ लॅटिन शब्द ‘लिनुम’, म्हणजे जवस. त्यावरून ‘लिनेआ’, जवसाचा दोरा. आणि दोरा ताणून सरळ रेघ आखतात, म्हणून पुढे ‘लाइन’. खुद्द ‘लिनन’ हा इंग्रजीत आधी विशेषण होता, ‘वुलन’सारखा. कोटाच्या आत लिनन लावत, म्हणून अस्तराला ‘लायनिंग’. ‘लाँजरी’ (बायकांची अंतर्वस्त्रं) हा शब्द फ्रेंचमधून आला, तोही याच कुळातला. १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकानं जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचं ‘लिनोलियम’ केलं, त्याच्या नावातही जवस आणि तेल दोन्ही आहेत.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक. ‘वॉशिंग डर्टी लिनन इन पब्लिक’ला ‘चारचौघांत मळके लिनन धुणे’ करू नका. मराठीत घरची लक्तरं वेशीवर टांगतात.