आविन्योंला नाटकं बघायला जाताना

जुलैत नाट्यमहोत्सवासाठी दक्षिण फ्रान्समधल्या आविन्योंला पोचलात की आधी दिसतात त्या दोऱ्या. दिव्यांचे खांब, खिडक्यांचे गज, पावसाच्या पाण्याचे पाइप, जिथे म्हणून गाठ मारता येईल तिथे पुठ्ठ्यावर चिकटवलेली नाटकांची पोस्टरं लटकत असतात. सांगलीत तीस वर्षं हौशी संस्थेची वेशभूषा सांभाळली, पोस्टरं चिकटवायला खळही शिजवली, पण एवढी पोस्टरं मी एका गावात कधी पाहिली नव्हती. लेक लिओंला असते. तिथून वेगवान गाडीनं आविन्यों तासाभराच्या वाटेवर. तीन उन्हाळे जाऊन आले, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी एक घोळ सोडवून घ्या. गावात एकाच वेळी दोन महोत्सव चालतात. एक अधिकृत, त्याला तिथे सगळे ‘इन’ म्हणतात. चौदाव्या शतकात पोप या गावात राहत, त्यांच्या राजवाड्यात १९४७ साली चित्रप्रदर्शन भरलं होतं, त्याच्या जोडीला दिग्दर्शक ज्याँ व्हिलार यांनी तीन नाटकं केली, तिथून तो सुरू झाला. यात नाटक, नृत्य, संगीत आणि कशातच न बसणारं असं काहीबाही असतं. निवडक चाळीसेक कार्यक्रम, जगभरचे. दुसरा ‘ऑफ’. १९६६ मध्ये आंद्रे बेनेदेत्तो या स्थानिक नाटकवाल्यानं अधिकृत यादीत नसताना आपलं नाटक आपल्याच थिएटरात लावलं, आणि मग रीघच लागली. आता ऑफमध्ये दीड हजाराच्या आसपास नाटकं असतात. निवड समिती नाही. ज्याला परवडेल त्यानं जागा भाड्यानं घ्यायची आणि प्रेक्षक स्वतः गोळा करायचे. रस्त्यात अंगावर येऊन पत्रकं वाटणारी माणसं म्हणजे बहुतेक वेळा नटच असतात, रंगलेल्या तोंडानं.

इनची तिकिटं एप्रिलच्या सुमारास ऑनलाइन सुटतात आणि मोठ्या नावांची भराभर संपतात. ऑफची घाई नाही. मात्र गेल्या गेल्या ऑफचं सवलत कार्ड काढा, तिकिटामागे साधारण तीस टक्के वाचतात. चार नाटकांत त्याचे पैसे वसूल होतात, हा माझा हिशेब.

आता वेळेचं. हे नीट वाचा, कारण मी इथेच फसले. ऑफमध्ये शाळेचा वर्ग, जुनं गॅरेज, बंद पडलेलं प्रार्थनाघर, सगळ्याचं थिएटर होतं आणि एकेका जागेत सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत सहा-सात नाटकं लागतात. एक उठलं की दुसऱ्याचा सेट आत. आपल्या एकांकिका स्पर्धेत नेपथ्य लावायला घड्याळ लावून उभे असतात ना, तसंच, फक्त तीन आठवडे रोज. त्यामुळे ठरल्या वेळी दार बंद होतं ते बंदच. पहिल्या वर्षी एका छोट्या थिएटरात मी चार मिनिटं उशिरा पोचले. दारावरच्या मुलीनं तिकीट पाहिलं, मान हलवली, झालं. पैसे परत नाहीत. मी मराठीत बोलले ते तिला कळलं नाही हे बरंच झालं. बहुतेक ठिकाणी खुर्चीचे नंबरही नसतात, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं आधी रांगेत उभं राहायचं.

रांगेचा कंटाळा करू नका. खरी परीक्षणं तिथे ऐकायला मिळतात. पुढची बाई मागे वळून स्वतःहून सांगते, काल अमुक पाहिलं, जा. तमुक पाहिलं, जाऊ नका. मला फ्रेंच येत नाही म्हटल्यावर एक आजोबा माझ्या पुस्तिकेत पेनानं खुणा करत बसले होते. त्यांतली दोन फार छान निघाली, तिसऱ्यात मी झोपले.

भाषेची भीती बाळगू नका, पण निवड त्या हिशेबानं करा. ऑफची जाडजूड पुस्तिका मिळते. तिच्यात ‘दाँस’ म्हणजे नृत्य, ‘सिर्क’ म्हणजे सर्कस, ‘साँ पारोल’ म्हणजे बिनसंवादाचं, हे तीन शब्द शोधा. ‘रेलाश’ लिहिलेल्या दिवशी त्या नाटकाला सुट्टी. ‘काँप्ले’ म्हणजे हाऊसफुल्ल. तरी प्रतीक्षायादीत नाव घालून दाराशी थांबावं, ऐन वेळी दोन-तीन खुर्च्या निघतात. इनमध्ये बऱ्याच प्रयोगांना इंग्रजी भाषांतर वर पट्टीवर दिसतं, माहितीत तसं लिहिलेलं असतं. तिथे हौसेनं पहिली रांग धरू नका. वर वाचू की खाली बघू यात मान अवघडते.

दिवसाला तीन प्रयोग पुरे. लोक पाच-सहा करतात आणि संध्याकाळी कुठल्या नाटकात कोण मेलं ते आठवत बसतात. माझा क्रम असा: साडेदहाला ऑफचं एक. मग बाजारातून पाव, टोमॅटो, पीच. शेंगदाण्याची चटणी माझ्याजवळ असतेच, ती त्या पावाला काय लागते म्हणून सांगू. बारा ते चार सावलीत, कारण ऊन पस्तिशीच्या पुढे जातं. र्‍यू दे तँतुरिए ही रंगाऱ्यांची जुनी गल्ली, कडेनं पाणी वाहतं, जुनी पाणचक्क्यांची चाकं आहेत, तिथे बसा. किंवा रोन नदीतल्या बार्तलास बेटावर फुकट नाव जाते, तिकडे. पाचला ऑफचं दुसरं. रात्री इन.

रात्रीचा प्रयोग पोपच्या राजवाड्याच्या अंगणात, ‘कूर दॉनर’मध्ये, मिळाला तर दुसरं काही बघू नका. चौदाव्या शतकातल्या भिंती, वर उघडं आकाश, दोनेक हजार माणसं. अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नाही, म्हणून दहाच्या सुमारास. आधी तुताऱ्या वाजतात. ती धून संगीतकार मोरिस जार यांची. आपल्याकडच्या तिसऱ्या घंटेला पोटात जसं होतं तसं तिथेही झालं. दिवसा कितीही भाजलं तरी शाल न्याच, कारण मिस्त्राल नावाचा वारा त्या अंगणात शिरला की दात वाजतात. आणि नाटक पटलं नाही तर तिथले प्रेक्षक मधेच उठून खुर्ची आपटत जातात. आवडलं तर पाय आपटतात. पहिल्या रात्री कोण रागावलंय आणि कोण खूश आहे हेच मला कळेना.

गावापासून पंधराएक किलोमीटरवर बुलबाँची दगडखाण आहे. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुक यांचं ‘महाभारत’ १९८५ मध्ये इथेच पहिल्यांदा झालं. नऊ तास चालायचं, सलग प्रयोग असला की सूर्य उगवताना संपायचं. द्रौपदी होत्या मल्लिका साराभाई. कोकणात दशावतार पहाटेपर्यंत बघितलेल्यांना नऊ तासांचं काही वाटणार नाही, पण त्या पांढऱ्या कड्यांपुढे कुरुक्षेत्र कसं दिसलं असेल, याचा हेवा मला अजून वाटतो. मधे बरीच वर्षं खाण बंद होती, २०२३ पासून पुन्हा प्रयोग होऊ लागले. यंदा तिथे काही आहे का ते पत्रिकेत बघा, आणि असलं तर तिकिटाबरोबर बसचीही जागा घ्या. रात्री दोनला तिथे रिक्षा मिळत नाही.

राहायचं जानेवारीतच ठरवा. जुन्या गावाभोवती तट आहे, त्याच्या आत महाग पडतं. नदीपलीकडे विल्नव्हला किंवा बेटावर तंबूत स्वस्त. तटाच्या आतलं गाव पायी फिरण्याएवढंच आहे, गावातल्या स्टेशनपासून राजवाडा वीस मिनिटं. वेगवान गाड्यांचं स्टेशन मात्र गावाबाहेर आहे. भारतातून जाणार असाल तर व्हिसाची वेळ लवकर घ्या, उन्हाळ्यात ती मिळता मिळत नाही.

आणि पर्समध्ये सेफ्टी पिना ठेवा. ही माझी जुनी खोड. रंगाऱ्यांच्या गल्लीत एक मुलगी लांब घेराचा झगा घालून पत्रकं वाटत होती, झग्याची कड उसवून जमिनीवर लोळत होती. मी तिला खुणेनं थांबवलं, खाली बसले आणि चार पिना लावल्या. तिनं माझ्या हातात पत्रक दिलं. दुसऱ्या दिवशी मी तिचं नाटक पाहायला गेले. संवाद पुष्कळ, मला शब्द कळला नाही. पण तिसऱ्या रांगेतून दिसत होतं, पिना अजून तशाच होत्या.