बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा गेन घरच्या घरी कसा मोजावा

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग हवे असले की पावले बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडे वळतात. तिथून आणलेल्या मूठभर बीसी ५४७ ट्रान्झिस्टरांवर छापलेला क्रमांक एकच असला, तरी प्रत्येकाचा गेन, म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर या तीन पायांपैकी बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो तो आकडा, वेगळा निघतो. माहितीपत्रकातच ए गटासाठी ११० ते २२०, बी गटासाठी २०० ते ४५० आणि सी गटासाठी ४२० ते ८०० अशा मर्यादा दिलेल्या असतात. मल्टिमीटरवरचे एचएफईचे, म्हणजे गेन मोजण्याचे, सॉकेट चाळणी लावण्यापुरते चांगले. पण ते कोणत्या करंटला मोजते हे आपल्या हातात नसते, आणि गेन तर करंटनुसार बदलतो.

ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायची पाटी), डिजिटल मल्टिमीटर, होल्डरमध्ये बसवलेले तीन पेन्सिल सेल आणि १ मेगओहम, १० किलोओहम व १ किलोओहम असे तीन रेझिस्टर एवढे साहित्य पुरते. नऊ व्होल्टची बॅटरी मी मुद्दाम टाळतो. बीसी ५४७ चा बेस-एमिटर जोड उलट्या दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सहन करतो, त्यामुळे कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली तर नऊ व्होल्टला तो बिघडू शकतो, साडेचार व्होल्टला मात्र सुरक्षित राहतो. ही अदलाबदल वाटते तितकी दुर्मीळ नाही. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, पण तशाच दिसणाऱ्या पीएन २२२२ मध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. एका संध्याकाळी मला एकामागून एक ट्रान्झिस्टरचा गेन दहाच्याही खाली मिळत गेला, तेव्हा माल खराब नव्हता, मी पाय उलटे खोचले होते.

आता जोडणी करावी. एमिटर सेलच्या ऋण टोकाला जोडावा, कलेक्टर १ किलोओहममधून आणि बेस १ मेगओहममधून धन टोकाला जोडावा. दोन्ही रेझिस्टर बसवण्यापूर्वी मीटरने मोजून त्यांची खरी किंमत लिहून ठेवावी, कारण सोनेरी पट्ट्याच्या रेझिस्टरमध्ये पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो.

बेसचा करंट काढताना १ मेगओहमच्या दोन टोकांना मीटर लावण्याचा मोह आवरावा. बहुतेक डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम असतो. तो समांतर आला की एकूण रोध सुमारे ०.९१ मेगओहम होतो आणि जे मोजायचे तेच बदलते. त्याऐवजी सेलचा व्होल्टेज आणि बेस-एमिटरमधला व्होल्टेज वेगवेगळे मोजून वजाबाकी करावी. समजा, सेल ४.७० आणि बेस-एमिटर ०.६३ व्होल्ट दाखवतात. उरलेल्या ४.०७ व्होल्टला ०.९९८ मेगओहमने भागल्यावर बेसचा करंट ४.०८ मायक्रोअ‍ॅम्पिअर येतो. कलेक्टरच्या रेझिस्टरवर १.२१ व्होल्ट मिळाले आणि त्याची मोजलेली किंमत ०.९९० किलोओहम असली, तर कलेक्टरचा करंट १.२२ मिलिअ‍ॅम्पिअर होतो. भागाकार सुमारे ३००, म्हणजे हा नग बी गटातला.

वाचन घेताना ट्रान्झिस्टर चिमटीत धरू नये. धरून पाहिलेच, तर बेस-एमिटरचा व्होल्टेज अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टने उतरताना आणि कलेक्टरचा करंट चढताना डोळ्यांसमोर दिसतो. बोट काढून मिनिटभर थांबले की आकडा पुन्हा स्थिरावतो. म्हणूनच डिसेंबरच्या सकाळी घेतलेले माप एप्रिलच्या दुपारी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

याच मांडणीत आणखी दोन गोष्टी तपासता येतात. बेसचा रेझिस्टर काढून टाकला की १ किलोओहमवर जवळजवळ शून्य दिसायला हवे. काही मिलिव्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टर गळका आहे, म्हणजे बंद असतानाही करंट झिरपू देतो. बेसला १० किलोओहम लावला की ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होतो आणि कलेक्टर-एमिटरमधला व्होल्टेज ०.२ च्या खाली यायला हवा.

बीसी ५५७ सारख्या पीएनपी, म्हणजे उलट दिशेच्या करंटवर चालणाऱ्या, ट्रान्झिस्टरसाठी फक्त सेलची टोके उलटावीत. जुन्या रेडिओतून काढलेला एसी १२८ असेल, तर तो जर्मेनियमचा असल्याने त्याची गळती हे दुखणे नसून स्वभावच असतो. अशा वेळी बेस मोकळा ठेवून कलेक्टरचा करंट आधी मोजावा आणि नंतरच्या वाचनातून तो वजा करावा, नाहीतर गळतीच गेन म्हणून मोजली जाते.