काल्पनिक लढाऊ विमान रेखाटताय? या चुका टाळा

वॉट-इफ, म्हणजे ‘असं झालं असतं तर’ छापाच्या काल्पनिक विमानाचं चित्र पटतं, कारण त्यात एकच गोष्ट खोटी असते आणि बाकी सगळं तिच्या मागोमाग आलेलं असतं. ‘हे विमान रद्द झालं नसतं तर?’ एवढा एकच प्रश्न धरून कॅनडाचं ॲव्हरो ॲरो आणि ब्रिटनचं टीएसआर-२ जगभरचे चित्रकार पुन्हा पुन्हा काढतात. ॲरोचा प्रकल्प २० फेब्रुवारी १९५९ ला गुंडाळला गेला, टीएसआर-२ चा एप्रिल १९६५ मध्ये. त्याच तोलाचा विषय आपल्या घरात आहे, एचएफ-२४ मारुत हे भारतात घडलेलं लढाऊ जेट विमान, आणि त्याच्याकडे त्यामानाने फार कमी हात वळतात. म्हणून नेहमी होणाऱ्या चुका इथे मारुतच्याच उदाहरणावर दाखवतो.

आधी खरं काय घडलं ते. दुसऱ्या महायुद्धातल्या फोके-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाचे डिझायनर कुर्ट टांक १९५६ मध्ये अर्जेंटिनातून भारतात आले आणि बंगळूरला मारुतचं काम सुरू झालं. पूर्ण आकाराचा लाकडी ग्लायडर १९५९ मध्ये उडवून पाहिला. १७ जून १९६१ ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिला प्रोटोटाइप उडवला. हवाई दलाला आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान हवं होतं. हाती आली ती आफ्टरबर्नर (बाहेर पडणाऱ्या वायूत पुन्हा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) नसलेली दोन ऑर्फियस ७०३ इंजिनं, प्रत्येकी सुमारे २,२०० किलो थ्रस्टची, म्हणजे पुढे ढकलणाऱ्या जोराची. ज्या ऑर्फियस १२ वर सगळी भिस्त होती, ते आफ्टरबर्नरसह सुमारे ३,७०० किलो देणार होतं. ब्रिटनमध्ये त्याचं काम थांबलं, पुढचा खर्च भारताने उचलावा असं सुचवलं गेलं आणि आपण ते मान्य केलं नाही. मग आशा लागली इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर घडवत असलेल्या ई-३०० इंजिनाची. चाचणीसाठी एक मारुत तिकडे गेलंही, पण १९६९ मध्ये तोही रस्ता बंद झाला. एकूण १४७ मारुत बनली आणि सगळी तुटपुंज्या इंजिनांवरच उडली.

एकाच चित्रात तीन इतिहास कोंबणं

सगळ्यात जास्त चित्रं इथेच फसतात, रंगाला हात लागण्याच्या आधी.

मारुतच्या गोष्टीत निदान तीन फाटे आहेत. एक, १९६० च्या आसपास ऑर्फियस १२ चा खर्च भारताने उचलला. दोन, इजिप्तचं ई-३०० तयार झालं. तीन, १९७० च्या दशकात जर्मन सहकार्याने आरबी १९९ इंजिनावरचा एचएफ-७३ हा प्रस्ताव पुढे सरकला. हे तीन फाटे तीन वेगळी विमानं देतात. पहिलं साठच्या दशकाच्या मध्यावर सेवेत येईल, त्याचं धड जवळजवळ मूळ मारुतचंच राहील. दुसऱ्याचा मागचा भाग बदलेल आणि ते १९७० च्या पुढेमागे दिसेल. तिसरं तर नव्या पिढीचंच यंत्र.

प्रत्यक्षात लोक काय काढतात? पहिल्या फाट्याचं सडपातळ धड, त्यावर पुढे कॅनार्ड (नाकाजवळचे छोटे पंख), पंखाखाली मॅजिक ही फ्रेंच क्षेपणास्त्रं आणि खाली ओळ ‘१९६५ चं युद्ध’. मॅजिक सेवेत आलं ते सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर. खरं मारुतसुद्धा १९६५ मध्ये कोणत्याही स्क्वाड्रनकडे नव्हतं. १० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ते १९६७ मध्ये घेतलं.

उपाय सोपा आहे. रेघ ओढण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: काय बदललं, कोणत्या वर्षी, पैसा कुठून आला, आणि त्यापायी काय घेतलं गेलं नाही. चौथा प्रश्न लोक विसरतात आणि गोष्टीला खोली तोच देतो. मारुत १९६४-६५ पर्यंत स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान झालं असतं, तर १९६८ पासून आलेली सुखोई-७ इतक्या संख्येने घेतली असती का? घेतली नसती असं धरलं, तर ज्या स्क्वाड्रननी खऱ्या इतिहासात सुखोई-७ उडवली, म्हणजे १०१, २२१, २२२ वगैरे, त्या तुमच्या चित्रातल्या मारुतच्या पहिल्या हकदार. नाशिकजवळ ओझरला मिग-२१ ऐवजी काय बनलं असतं, हाही प्रश्न मग आपोआप समोर येतो. अशा एका उत्तरातून पुढची दहा चित्रं निघतात.

इंजिन बदललं, पण बाकी विमान तसंच

समजा पहिला फाटा घेतलात. ऑर्फियस १२ बसवायचं म्हणून मागे दोन मोठी नोझल (वायू बाहेर सोडणारी तोंडं) चिकटवली आणि काम संपलं? इथे थांबू नका.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आफ्टरबर्नर जोडला की इनटेक, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणारा मार्ग, मोठा करावाच लागतो असं नाही. आफ्टरबर्नर टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूत उरलेल्या ऑक्सिजनवर जळतो. इनटेक वाढवावा लागतो तो इंजिनच जास्त हवा ओढणारं असेल तेव्हा. म्हणून जुन्याच ऑर्फियसला आफ्टरबर्नर लावलेलं मारुत काढत असाल तर इनटेक होता तसा ठेवा. ई-३०० सारखं मोठं इंजिन असेल तर तो रुंद करा, आणि रुंदी वरून पाहिलेल्या चित्रातही दाखवा. मारुतच्या इनटेकमध्ये अर्धा शंकू असतो. इनटेकचं तोंड वाढलं तर शंकूही त्याच प्रमाणात वाढतो. धड आणि इनटेक यांच्यामधली चिंचोळी फट विसरू नका. धडाला चिकटून येणारी मंद हवा इंजिनात जाऊ नये म्हणून ती फट असते.

खरी अडचण मागच्या टोकाला आहे. खऱ्या इतिहासातही मारुतला आफ्टरबर्नर लावून पाहिला होता, त्या आवृत्तीचं नाव १-आर. धडाचं मागचं टोक जाड झालं, तिथला ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढला आणि मिळालेल्या थ्रस्टचा मोठा भाग तिथेच खर्ची पडला. १० जानेवारी १९७० ला याच आवृत्तीच्या अपघातात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. ज्याला आफ्टरबर्नरवालं मारुत काढायचं आहे, त्याने ही गोष्ट माहीत असूनच काढावं. दोन नोझलमधली सपाट जागा तुमच्या चित्रात शिल्लक असेल, तर तिथे निमुळतं टोक द्या किंवा नोझल जवळ आणा, आणि धड तिथपर्यंत हळूहळू निमुळतं करत न्या.

धडाच्या कमरेचंही तसंच. मारुतचं धड पंखांपाशी आत घेतलेलं आहे, ते एरिया रूलमुळे: पंखांपाशी धड बारीक केलं की आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी होतो. याचं महत्त्व अमेरिकेच्या एफ-१०२ वरून कळतं. १९५३ चा पहिला नमुना आवाजाचा वेग ओलांडेना. मग धड लांबवलं, कंबर आत घेतली, आणि डिसेंबर १९५४ मध्ये त्याच इंजिन घराण्यावर तो वेग ओलांडला गेला. त्यामुळे जास्त इंधन हवं म्हणून मारुतची कंबर फुगवून टाकलीत, तर तुमच्या कथेतला नवा वेग तुम्हीच काढून घेतला.

आणि इंधन हवंच आहे. आफ्टरबर्नर चालू असताना खप दुपटी-तिपटीने वाढतो. ते ठेवायचं कुठे? मारुतच्या पोटात ६८ मिलिमीटरच्या ५० रॉकेटचं आत-बाहेर होणारं पॅक होतं. दोन आसनी मारुतमध्ये दुसऱ्या वैमानिकाला जागा करण्यासाठी हेच पॅक काढलं गेलं. म्हणजे खऱ्या डिझायनरांनी जागेसाठी कशाचा बळी दिला, हे तुमच्यासमोरच आहे. तेच पॅक काढून तिथे टाकी घाला, पोटावरची त्याच्या झाकणाची रेघ पुसा. बघणाऱ्यातल्या जाणकाराला ती नसलेली रेघ बरोबर दिसते.

विमान शेपटीवर बसणार

चित्र बघून ‘काहीतरी मागे जड वाटतंय’ असं जाणवत असेल, तर चाकं तपासा. गुरुत्वमध्य ढोबळमानाने पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढच्या पाव भागाजवळ धरा. मुख्य चाकं त्याच्या मागे हवीत. चाक जमिनीला टेकतं त्या बिंदूपासून गुरुत्वमध्यापर्यंत रेघ ओढलीत, तर ती उभ्या रेघेपासून साधारण १५ अंश पुढे झुकलेली असावी. मागे जड इंजिन घातलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, ही रेघ उभी होत जाते आणि विमान उभं असतानाच शेपटीवर बसेल अशी स्थिती येते.

यावर नाक उपयोगी पडतं. मारुतच्या नाकाच्या भागात ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा होत्या, मोठ्या रडारला जागा नव्हती. तुमच्या इतिहासात रडार हवंच असेल तर नाक जाड करा, दोन तोफा काढा. पुढे वाढलेलं वजन मागच्या इंजिनांना तोलून धरेल. एका बदलाने दुसऱ्याची भरपाई झाली की विमान विचार करून बांधल्यासारखं दिसू लागतं. फक्त सगळ्या तोफा काढायचा मोह टाळा. आपल्याकडे आलेल्या मिग-२१ एफएलमध्ये आतली तोफ नव्हती, पुढे पोटाखाली तोफेचा पॉड लटकवावा लागला. त्या काळातल्या भारतीय वैमानिकाला तोफ हवी होती.

शेवटी मुख्य चाकाच्या टायरपासून शेपटीच्या खालच्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढा. उड्डाणाच्या वेळी विमान नाक वर करतं तेव्हा नोझल, पोटाखालची फिन किंवा ड्रॉप टँक त्या रेघेच्या खाली येत असेल, तर ते धावपट्टीला घासणार. चाकांचे पाय लांब करायचे, तर ते मिटून धडात मावतील का तेही पाहा.

एकाच्या जागी दोन इंजिनं किंवा दोनाच्या जागी एक, असा बदल करताना एक लक्षात ठेवा. १९७१ च्या युद्धात मारुत एका इंजिनावर तळावर परत आल्याची नोंद आहे. दोन इंजिनं हा या विमानाचा स्वभाव आहे. ती काढून एक बसवलंत, तर ते मारुत का म्हणायचं याचं उत्तर तयार ठेवा.

खुणा आणि अक्षरं

इथल्या चुका छोट्या, पण चटकन दिसणाऱ्या. भारतीय हवाई दलाच्या राउंडेलमध्ये, म्हणजे विमानावरच्या गोल चिन्हात, बाहेर केशरी, मग पांढरा, मध्यभागी हिरवा. उलटा क्रम सर्रास दिसतो. हे चिन्ह १९५० पासूनचं. त्याआधी स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं चक्राचं चिन्ह होतं आणि दलाच्या नावात ‘रॉयल’ होतं. १९४८ मधलं काल्पनिक विमान काढताना हे बदलावं लागेल. फिन फ्लॅशसाठी (शेपटीवरचे रंगीत पट्टे) विमानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाहा, एका बाजूचं चित्र आरशासारखं उलटवून दुसऱ्या बाजूला लावू नका. अक्षरं तर उलटतातच, दरवाजे आणि अँटेनाही चुकीच्या बाजूला जातात.

कारखान्याचं नाव लिहिणार असाल तर वर्ष पाहा. ऑक्टोबर १९६४ पर्यंत मारुत बनवणारी कंपनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट होती, नंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. खऱ्या विमानाचा सिरियल नंबर उचलू नका. बीआर ४६१ हा पहिल्या प्रोटोटाइपचा नंबर आहे, तो तिथेच राहू द्या.

रेखाटनातले दोष

स्केल धरून काढा. १ पिक्सेल म्हणजे १ सेंटिमीटर असं ठरवलंत, तर १५.८७ मीटरचं मारुत १,५८७ पिक्सेल लांब, पंखांचा पसारा ९०० पिक्सेल. त्याच स्केलचा १७० पिक्सेलचा माणूस कोपऱ्यात उभा करा आणि कॉकपिटमध्येही बसवून पाहा. कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) फुगलेली आहे की चेपलेली, हे लगेच कळेल.

याच हिशेबाने पॅनल लाइनचा प्रश्नही सुटतो. दोन पत्र्यांमधली फट काही मिलिमीटरची, म्हणजे एका पिक्सेलपेक्षा कमी. ती ठळक काळी काढली की विमान जाळीत अडकल्यासारखं दिसतं. मूळ रंगाहून थोडी गडद ठेवा. उघडणारे दरवाजे आणि हलणारे भाग मात्र जरा ठसठशीत. नोझलभोवतीचा पत्रा रंगवू नका. उष्णतेने तिथला रंग टिकत नाही, निळसर-तपकिरी छटा असलेला उघडा धातूच हवा.

काहीतरी चुकलंय पण सापडत नाही, असं झालं तर चित्र आडवं उलटवा, मग सगळं काळं भरून फक्त छाया बघा, आणि त्या छायेशेजारी हंटर, मिग-२१ आणि मिराज-३ यांच्या त्याच स्केलच्या छाया ठेवा. बहुतेक वेळा दोष शेपटीच्या उंचीत किंवा नाकाच्या लांबीत निघतो. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि बंगळूरच्या एचएएल संग्रहालयात मारुत ठेवलेलं आहे. एकदा त्याच्या शेपटीमागे उभं राहून फोटो काढा. पुस्तकातल्या फोटोत तो कोन क्वचितच मिळतो आणि सगळी कसरत तर तिथेच करायची आहे.

मराठी वाचकाला आणखी एक फाटा सुचवावासा वाटतो. गडहिंग्लज भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-२ आणि किरण ही प्रशिक्षण विमानं घडवली. किरणपासून निघालेलं हलकं हल्ला करणारं विमान, हा विषय मारुतपेक्षा साधा आणि नवख्या हाताला जास्त झेपणारा आहे.

‘काल्पनिक’ हा शब्द चित्राच्या आतच, विमानाजवळ लिहा. खालची ओळ कापून चित्र पुढे पाठवलं जातं आणि काही महिन्यांनी ते खरा फोटो किंवा गुप्त प्रकल्प म्हणून परत येतं. ओळ छोटी आणि नेमकी असावी. उदाहरणार्थ: ‘काल्पनिक. ऑर्फियस १२ चा खर्च भारताने १९६० मध्ये उचलला असता तर. एचएफ-२४, २२१ स्क्वाड्रन, १९६९. रॉकेट पॅकच्या जागी इंधन टाकी, तोफा दोन.’